टाकीतली सोळा कालवं

३ मार्च
आज नव्या नोकरीवर रुजू झालो. खाडीच्या तोंडाशी संशोधन केंद्र, त्याच्या मागे आम्हांला दोन खोल्यांचं घर, नळाला चोवीस तास पाणी. बायकोनं नळ तीनदा सोडून पाहिला आणि म्हणाली, एवढ्या वर्षांत तुमच्या हुशारीचा घराला पहिल्यांदाच उपयोग झाला. बोटींची इंजिनं कानानं ओळखत मी इथवर आलो. शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही. मॅडम, म्हणजे इथल्या मुख्य शास्त्रज्ञ, पदवी विचारायला विसरल्या. मीही आठवण करून दिली नाही.

५ मार्च
घाणीनं मेलेली कालवं खाडीत पुन्हा वसवायची, हे काम. तळाशी जुन्या शिंपल्यांची पोती सोडतात, त्यांवर कालवांची पिल्लं येऊन चिकटतात. शिवाय प्रयोगशाळेतल्या टाकीत सोळा थोराड कालवं, प्रत्येकाच्या पाठीवर तार. खाडीचं पाणी पंपानं सतत त्यांच्यावरून जातं. पाणी चांगलं असलं की ती उघडी राहतात. बिघडलं की मिटतात आणि पडद्यावरची रेघ खाली येते. मला पडदा बघावा लागत नाही. मिटताना बारीक ‘टक’ होतं. मॅडमना ते ऐकू येत नाही. म्हणाल्या, तुमचे कान आता उपकरणांच्या यादीत लिहायला हवेत.

९ मार्च
धक्क्यावर कालवं काढणाऱ्या बायकांशी ओळख झाली. त्यांच्यात वडीलधारी ती मावशी. तीन वर्षं खाडीत कालवं काढायला बंदी आहे. तिनं विचारलं, भाऊ, ती सोळा टाकीत बसून खातात, तुम्ही खुर्चीत बसून खाता, मग आम्ही काय वाऱ्यावर जगायचं? बाकीच्या हसल्या. मीही हसलो. बोलण्यात सहसा मी हरत नाही, आज हरलो.

१७ मार्च
पुढच्या आठवड्यात समिती येणार. नमुने खराबच, वरच्या वस्तीचं सांडपाणी. खाडी खुली झाली नाही तर केंद्राला टाळं, म्हणजे आमच्या घरालाही. नमुना ओहोटीच्या शेवटी घ्यायचा असतो, तेव्हाच खाडीचं खरं पाणी हाती लागतं. मी सहज बोलून गेलो की भरतीला बाटली भरली तर निम्मा समुद्रच येईल, आणि पाणी काय, पाणीच असतं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बाटली पुढे केली.

२२ मार्च
पाणी चांगलं असल्याच्या दाखल्यावर नमुना घेणारा म्हणून माझी सही. झोकदार आली. समिती खूश, मी नोकरीत कायम. तीस तारखेला खाडी खुली. सही करताना शेजारच्या खोलीत सोळाही कालवं एका दमात मिटली आणि माझे दात एकमेकांवर बसले. तासभर तोंड उघडेना. बायको म्हणाली, लग्नानंतरचा पहिला शांत तास.

२५ मार्च
आज तीनदा. ती मिटली की मी मिटतो, ती उघडली की सुटतो. डॉक्टर ताण म्हणाले. त्यांच्यासमोर तोंड चांगलं आ वासून उघडलं — तेव्हा भरती होती.

२७ मार्च
मॅडमना सांगायला गेलो, बंदी उठवू नका. ‘बंदी’पर्यंत आलो आणि जबडा बसला. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग कागदात डोकं घातलं. कालवांच्या तारा काढून टाकल्यात. आता गरज नाही म्हणे.
मला ऐकू येतंच आहे.

२९ मार्च
सकाळपासून बंद. भरतीलाही. फटीतून पेज ओढतो. दातांच्या आतल्या बाजूला जिभेला काहीतरी खरखरीत लागतं — काल नव्हतं. बायको आता चेष्टा करत नाही.

३० मार्च, सकाळ
धक्क्यावर पाटी धरून उभा राहिलो. पाणी घाण आहे, कालवं खाऊ नका. मावशीनं खांबावरच्या दाखल्याकडे बोट केलं. विचारलं, ही सही तुमचीच ना, भाऊ? मान तेवढी हलत होती. हलवली. हो म्हणून.
त्या चिखलात उतरल्या. सगळ्या —

दुपार
मावशीनं घरी टोपलीभर कालवं पाठवली होती. बायकोनं उकडली, मीठ बघता बघता चार-पाच खाल्लीही. भांडं लाथाडलं मी. खुणा केल्या, तिला उमजेनात. चिडलीय.
तिचं तोंड अजून उघडं आहे. घशात बोटं घालून ओक, आत्ताच्या आत्ता — एवढंच दाखवायचंय. पण वही दिली तर मागचं सगळं वाचेल. भरतीची बाटली. वहीचं हे शेवटचं पान फाडावं तर पाठीला सकाळचं, सहीचं —
दुसरा कागद — ड्रॉवर — नाही. पाटी धक्क्यावरच राहिली.
देतो वही. एवढी बाटलीची ओळ खोडून —
ती हात पुढे करून उभी आहे. विचारतेय, एवढं काय लिहिताय, मला का नाही दाख—