भरल्या पेल्यात वरून ओतू नये

तीर्थरूप दादांना ओक-बूनचा जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार. (एकच. जिवंत माणसापुढे एकदा वाकायचं आणि मेलेल्यापुढे दोनदा, हे मला तुम्हीच शिकवलंत.) तांदळाच्या दारूने भरलेल्या भट्टीतल्या तुमच्या रांजणांची तब्येत उत्तम असेलच. तुमची कशी आहे? वहिनी फोनवर म्हणाल्या, डॉक्टरांनी यकृताचा फोटो समोर धरून दारू कमी करा म्हणून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "पोरा, तुझ्या बापाच्या लग्नातली माक्कोल्ली माझ्याच रांजणातली होती." उत्तर झकास आहे, पण ते यकृतापर्यंत पोचलं असेल असं मला वाटत नाही. असो. मोठ्या भावाला शहाणपण शिकवायला मी काही कॉलेजात गेलेली नाही, कॉलेजासमोर नुसतं दुकान टाकलंय. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी सगळं ठीक.

तुमचा निरोप मिळाला. "पोरीने चारचौघांत नाक कापलं, सहामाही संपली की गाशा गुंडाळून तिला गावी पाठव." हे तुमच्या कानावर घातलं त्या तांदळाच्या ट्रकवाल्याने, होय ना? तो माझ्या दुकानात मुळ्याचं लोणचं तीनदा मागून खातो आणि उरलेला वेळ लोकांच्या अब्रूची वाहतूक करतो. तुमच्या दानबीने सिनियर मुलाला भर मेजवानीत "माझ्या श्राद्धाला आलात का?" असं विचारलं, एवढंच त्याने तुम्हाला सांगितलं असणार. शब्द खरे आहेत. पण नुसतं शेपूट दाखवून कोणी बैल विकतं का? आता सगळा बैल बघा, आणि मग ठरवा पोरीला कॉलेजातून काढायचं की नाही ते.

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळी माडीवरच्या हॉलमध्ये पोरं बसतात, पितात, गातात, रडतात. आणि सकाळी तीच पोरं खाली येऊन सोयाबीनच्या मोडांचा उताऱ्याचा रस्साभात ओरपतात. म्हणजे माडीवर चढवायची आणि खाली उतरवायची, दोन्ही मीच. (वहिनी याला पाप म्हणतात. मी सेवा म्हणते.) मार्च महिन्यात नव्या पोरांच्या स्वागताची मेजवानी असते, आणि तिथे त्या मेल्या वाडग्याचा कार्यक्रम होतो. गार शेवया खायचा मोठा पितळी वाडगा रिकामा घ्यायचा, त्यात सोजू, बियर, तुमची माक्कोल्ली, हाताला लागेल ते ओतायचं, आणि नव्या पोराने तो एका दमात संपवून डोक्यावर पालथा घालून दाखवायचा. एक थेंब केसावर पडला की पुन्हा भरायचा. सिनियरने दिलेलं ज्युनियरने नाकारायचं नाही, हा आपल्याकडचा कायदा तुम्हाला मी काय सांगावा! गेल्या वर्षी एका पोराला याच जिन्यावरून स्ट्रेचरवर खाली नेलं. वाचला बिचारा, पण कॉलेजात काही परत आला नाही. दुसऱ्या दिवशी मी तो वाडगा कोळशाच्या पोत्यामागे लपवला होता, तर यंदा पोरांनी शोधून काढून घासून लख्ख केला. अभ्यासात असं डोकं चालवलं असतं तर!

तर यंदा नव्या पोरांत आपली दानबी, आणि तिच्या शेजारी तिची खोलीतली मैत्रीण यू-रिम. या यू-रिमला दारूचा वाससुद्धा सोसत नाही. घोटभर गेली की अंगावर लाल चट्टे उठतात आणि धाप लागते. वाडगा फिरत फिरत तिच्यापुढे आला तेव्हा पोरीचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा झाला. मी भाज्यांच्या थाळ्या घेऊन जिन्यातच उभी. म्हटलं, आता थाळी टाकावी आणि वाडग्यावर लाथ मारावी. तेवढ्यात दानबी उठली. "हिच्या वाटचं मी पिते," म्हणाली. पोरांनी टाळ्या पिटल्या, कारण दुसऱ्याच्या वाटची पिणाऱ्याला आपल्याकडे शूरवीर म्हणतात. माझ्या डोक्यात मात्र एकच. तुम्हाला काय तोंड दाखवू, हाच विचार.

पण दादा, पोरगी तुमची आहे. तिने वाडगा दोन्ही हातांनी घेतला. मोठ्यांसमोर प्यायची म्हणून मान बाजूला वळवली. चिमणीने घ्यावा तसा एक घोट घेतला. आणि वाडगा खाली ठेवून मुळ्याचं लोणचं खायला लागली! जरा वेळाने आणखी एक घोट, आणि गप्पा. जरा वेळाने नुसताच ओठ लावला. आता वाडगा रिकामा झाल्याशिवाय त्यात कोणी ओतणार कसं? आणि तो भरल्याशिवाय पुढच्या पोराकडे जाणार कसा? रांगेत बसलेली सगळी पोरं हळूहळू माणसात आली, एकेकजण हसायला लागला, कुणीतरी भात मागितला. सिनियरांचा म्होरक्या क्वांग-हो मात्र तापला. स्वतः आधीच भरपूर झोकलेली.

"अगं, वाडगा आहे की तळं? आटतच नाही!"

"पितेय ना, क्वांग-होदादा. मोठ्यांनी दिलेलं घाईने संपवलं तर देणाऱ्याचा मान राहत नाही, असं आमचे बाबा म्हणतात."

(ऐकलंत? सगळ्या हॉलसमोर. "आमचे बाबा म्हणतात.")

मग त्या गाढवाने काय करावं? किटली उचलली आणि अजून न संपलेल्या वाडग्यात वरून धार सोडली! दादा, मी डोळ्यांनी पाहिलं. लाह्या चघळणाऱ्या पोराचं तोंड उघडं ते उघडंच. कितीही प्यायलेला असला तरी आपल्यातला माणूस हे करत नाही. भरल्या पेल्यात वरून ओततात ते फक्त श्राद्धाच्या ताटापुढे, गेलेल्या माणसासाठी. दानबी शांतपणे उठली, हात जोडले आणि म्हणाली, "क्वांग-होदादा, माझ्या श्राद्धाला आलात का? मग दोनदा वाकायचं राहिलं तुमचं. वाकून घ्या, मी थांबते."

आवाज चढलेला नाही, डोळ्यांत मस्ती नाही. आणि गंमत अशी की हा क्वांग-हो मोठ्या घराण्यातला थोरला नातू. घरच्या प्रत्येक श्राद्धाला वरून ओतायचा मान त्याचाच. त्याची नशा जिना उतरून पळाली. किटली ठेवली, मान खाली घातली आणि म्हणाला, "चुकलं." मग कोपऱ्यात जाऊन रडला. वाडगा मी त्याच क्षणी उचलला, आणि आता त्यात कोबी खारवते.

दुसऱ्या सकाळी तो खाली येऊन बसला. "मावशी, मी खरंच ओतली?" म्हटलं, "ओतलीस रे बाबा." रस्सा न पिताच गेला आणि संध्याकाळी पोरांना गोळा करून सांगितलं की आमच्या विभागात वाडगा बंद, ज्याला नको त्याला आग्रह नाही. आता दानबी सकाळी अर्ध्या वर्गाला टेकडीवर चालायला नेते, तो सगळ्यात पुढे पळतो. मी गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलेय, "ती उंच मुलगी? माझी भाची!" मासेवालीला तर दोनदा सांगितलं. माझी छाती इतकी फुगलीय की एप्रनची गाठ बसत नाही.

आणि हे सगळं शिकवलं कोणी? बारावीची परीक्षा झाली तेव्हा भट्टीतल्या ओट्यावर बसवून तिला पहिला पेला तुम्हीच दिलात. दोन्ही हातांनी घे, मान वळव, पोटाला पुरे वाटलं की अर्धा ठेव, अर्ध्या पेल्याला कोणी हात लावणार नाही. "दारू मोठ्यांकडून शिकावी, मित्रांकडून शिकली की गटार दाखवते," हे तुमचंच. पोरीने नाक कापलं नाही, दादा. तुमचं नाक आमच्या माडीवर झेंड्यासारखं उभं केलं.

तुमची धाकटी,
ओक-बून

ता. क. पोरीने माझा धंदा मात्र बसवला. शुद्धीत येणारी पोरं म्हणतात, "मावशी, रस्सा खारट आहे." इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं! आता संध्याकाळी गोड भाताचं पेय ठेवावं म्हणते. तुमच्याकडचे मोड आलेले सातू पाठवा, आणि त्याच ट्रकवाल्याबरोबर पाठवा, म्हणजे त्याला समोर बसवून सगळा बैल दाखवते.

ता. क. दुसरा. हे लिहायचं नव्हतं, पण त्यासाठीच पत्र लिहायला बसले. दानबीने बॅग भरायला घेतली आहे. तुमच्या रागाला घाबरून नव्हे. मध्यंतरी घरी आली तेव्हा तुमचे डोळे पिवळे दिसले तिला. म्हणते, "आत्या, इथल्या सगळ्यांना थांबवलं, आणि घरच्या एकाला थांबवता येत नाही. मी जाऊन त्यांच्याजवळ बसते." बापाला "पुरे" म्हणायचं तिच्या तोंडून निघत नाही, म्हणून मी धाकटी असून म्हणते. पोरीला बोलावू नका, येऊ नको म्हणून सांगा, आणि त्याआधी आज रात्री पेला अर्धा ठेवा. उद्या त्याहून कमी. परवा पालथा घाला. तुम्हाला मुलगा नाही, दादा. तुमच्या भरल्या पेल्यात वरून ओतायची वेळ आली तर ती दानबीवरच येईल. तिचे हात अजून लहान आहेत.