गड्ड्याचा काढा आणि माझे पित्ताशय

ढाणकी,
होळीनंतरचा सोमवार

प्रिय साळेबुवा नागोराव यांस सप्रेम नमस्कार.

यवतमाळला सगळे ठणठणीत असतीलच. इकडे मी सोडून सगळे बरे आहेत. (तुमची बहीण शकू जरा जास्तच बरी आहे. फोनवर बोललो असतो, पण ती कानाशीच बसते.)

पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करा, असे डॉक्टरांनी मला सांगितले आणि तुम्ही मोबाइलवर हळदीचे संशोधन पाठवलेत. हळदीने पित्ताशय आवळते आणि पित्त बाहेर ढकलते म्हणे. घरात हळदीची रास असताना पोट कोण फाडून घेईल? मी चारचौघांत ऑपरेशन रद्द केले. दळलेल्या हळदीच्या पुडीवर माझा विश्वास नाही. हळकुंड हे लेकरू, गड्डा ही त्याची माय. जोर मायमध्येच असणार, म्हणून गड्डे उकळून तांब्याभर काढा प्यालो आणि शेतात गेलो.

तिथे हळद शिजत होती. शिजली का हे पाहायला गड्ड्यात काडी खुपसतात, तशी मी खुपसली, आणि त्याच क्षणी माझ्या बरगडीखालीही कोणीतरी खुपसली. मी ओल्या हळदीच्या ढिगावर आडवा. मजुरीला आलेली चंदाबाई म्हणाली, "भाऊ, उठता का तुमाले बी वाळत घालू?"

दवाखान्यात डॉक्टर माझ्यात कावीळ शोधू लागले, तर मी नखशिखांत पिवळा. शकूने ओल्या पदराने खसाखसा पुसले, तेव्हा कुठे खालचा मी निघालो.

मग आमच्या लेकीने, समीक्षाने (नर्सिंगला आहे, माहीतच आहे) तुमचे संशोधन शेवटपर्यंत वाचले. "बाबा, हे धडधाकट माणसायवर तपासलं. खाली लिहून आहे, खडे असन तं घेऊ नका. आवळलं का खडा अडकते. मामानं खालचं वाचलंच नाही." म्हणजे ज्यांना काहीच झालेले नाही, त्यांना हळद उत्तम लागू पडते.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद, तुम्हाला चष्मा.

तुमचा भाटवा,
पुंडलिक

ता. क. गावात मी अजून हळदीच्याच बाजूने बोलतो आहे. एवढ्या मोठ्याने बोललेले आता गिळता येत नाही. तेव्हा रविवारी जीप घेऊन या, चौकात मला चार शब्द सुनावा आणि बळजबरीने ऑपरेशनला न्या. पिशवी भरून दाराआड ठेवली आहे.

आणखी एक. मी दोनदा 'नाही' म्हणेन, ते लोकांसाठी. तिसऱ्यांदा विचारू नका. ते 'नाही' खरे असेल.