जपानी सिनेमातली खरखर

कट्टा, ता. मालवण
२० फेब्रुवारी

प्रिय रॉविना,

नाताळात तू आली नाहीस, गावी येणाऱ्या आपल्या ॲल्स्टनबरोबर पेनड्राइव्ह पाठवलास. त्यातल्या पहिल्या जपानी सिनेमाची खरी किंमत सांगतो: दोन तास, टोपभर करपलेली पेज, आणि मी उगाच खोललेला एक चांगला ॲम्प्लिफायर. सुरुवातीलाच दोन माणसं चटईवर बसून चहा पितात आणि बोलत नाहीत. मला वाटलं, वायर सुटली. मी स्क्रू काढायला बसलो तर तुझी मम्मी म्हणाली, "फेलिक्स, ती माणसां गप आसत. तुका गप माणूस कधी गावलोच नाय."

खरं आहे. सायकलच्या कॅरियरला एक भोंगा बांधून मी धंद्याला निघालो, आज माझ्याकडे तीन टेम्पो भरतील एवढे स्पीकर आहेत, ते या कानांच्या जोरावर. दशावताराची पेटी जराशी उतरली की मांडवाबाहेरून सांगतो. कुठल्याही आवाजात काय बिघडलंय ते मला दुसऱ्याने सांगावं लागत नाही. तुला हे पाठ आहे, तरी लिहितो.

दुसऱ्या सिनेमाला मी खुर्ची सोडली. तुझ्या या दिग्दर्शकाचा कॅमेरा जमिनीलगत, म्हणून मीही चटईवर बसलो. "आता उठवतलो कोण तुका, क्रेन?" म्हणून मम्मी हसली. दुपारी दुकान बंद केलं की सिनेमा, असं ठरूनच गेलं. त्यात होत काहीच नाही गो. कोणीतरी घर सोडून जातं, मग रिकामी खोली दाखवतात, दोरीवरचे कपडे दाखवतात. मम्मीला त्यातली माणसं ओळखीची वाटायची. एका म्हाताऱ्याला तर ती स्टँडवरचा बाबलीच म्हणायची.

तिसऱ्या सिनेमात असाच एक रिकामा पॅसेज आला. माणूस नाही, संगीत नाही. आणि मला खरखर ऐकू आली. बारीक, वरखाली होणारी. मी जॅक बदलला, वायर बदलली, स्पीकर उचलून दुसरा लावला. खरखर तशीच. शेवटी वैतागून मेन स्विच बंद केला. पडदा काळा झाला, पंखा थांबला, आणि खरखर चालूच राहिली. मम्मी शेजारी वाल सोलत बसली होती. "आता काय मोडला?" तिने विचारलं, आणि तो प्रश्न तिच्या गळ्यातून कसा बाहेर आला ते मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात गेलो, मग गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात. स्वरयंत्रावर गाठ आहे आणि ती तिथेच थांबलेली नाही. फोनवर ती तुला सर्दी सांगते. "पोरीक कळवू नको, तिची नवी नोकरी आसा," अशी शपथ घातलीय. घरी काय, दुकानात काय, फोन करायला गेलो की जवळ येऊन उभी राहते, म्हणून दुकानात बसून कागदावर लिहितोय. सिनेमे त्यानंतरही चालू राहिले. पाच झाले. मी पडद्याकडे बघत नसे, आवाज अगदी कमी करून तिचा श्वास ऐकत बसायचो. सहावा ती लावू देत नाही. तो तू आल्यावर बघायचा म्हणते.

म्हणून लिहिलं. अकरा मार्चला ऑपरेशन आहे. श्वास चालावा म्हणून स्वरयंत्र काढावं लागणार, आणि काढूनही फार महिने नाहीत, हे डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. अकरा तारखेनंतर तू आलीस तर ती तुला बघेल, पण हाक मारू शकणार नाही. त्याआधी ये. शपथ मोडल्याबद्दल ती जे बोलेल ते मला ऐकायचंच आहे. ओरोसच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, आवाज कधीपासून बसलाय. मी म्हटलं, पंधरा दिवस. सोबत शेजारची तुळसा आली होती. ती म्हणाली, गणपतीपासून.

तुझाच,
डॅडी