मुंग्या ज्याला घरी नेतात

१२ जून
आलो एकदाचे! टेकडीच्या पायथ्याशी घर, खिडकीतून समुद्र, आणि आमची सहा महिन्यांची वेना बोचक्यांवर लोळत खिदळतेय. माझा नवरा डेन्झिल पेस्ट्या, इथल्या खिम्याच्या करंज्या, गरम करतोय. इंग्लंडच्या या कॉर्नवॉलमधून नाहीसं झालेलं मोठं निळं फुलपाखरू या टेकडीवर पुन्हा नांदवायचं, हे माझं काम. पूर्वीच्या शहाण्यांनी त्याला जपायला कुंपण घातलं, मेंढ्या बाहेर ठेवल्या. गवत माजलं, जमीन गारठली, लाल मुंग्या मेल्या. फुलपाखरंही गेली, कारण त्यांची अळी वाढते मुंग्यांच्याच वारुळात. आता कुंपण निघालंय, गवत आखूड झालंय, मुंग्या परतल्यात. मेंढपाळ हिक्स म्हणाला, मुंग्या पोसायला पगार मिळतो होय बाई? मग आमची मेंढरं फुकटच राबली की!

२ ऑगस्ट
आज डोळ्यांनी पाहिलं! अळी थाइमच्या, या ओव्याच्या वासाच्या झुडपाच्या, फुलावरून खाली पडली आणि गप्प राहिली. मुंगीने हुंगलं, आपलंच पिल्लू समजून घरी नेलं. आत अळी राणी मुंगीसारखा आवाज काढते. मुंग्या आधी तिला भरवतात. चारा संपला तर आपली पिल्लंसुद्धा तिच्यापुढे टाकतात. काय हा घरजावई! हसू आलं.

९ ऑगस्ट
थाइमच्या झुडपात एक बाळ रडत होतं, अगदी वेनासारखं. उघडंच. अंगाला ओव्यासारखा वास. घरी आणलं. डेन्झिल म्हणाला, पोलिसांना कळवू. मग त्याने बाळाला जवळ घेतलं, आणि उद्या कळवू म्हणाला.

१७ ऑगस्ट
कळवलं नाही. हिक्स चीज घेऊन आला. विचारलं, बाई, तुमचं तर एकच लेकरू होतं ना? आणि ती पोर अशी का वाळलीय? डेन्झिलने त्याला हाकलून दिलं. डेन्झिलने, जो कुणाला अरे म्हणत नाही.

२४ ऑगस्ट
दोघं एकाच पाळण्यात. वेनाचे हात काड्यांसारखे झालेत. ते रडलं की माझे पाय तिकडेच — दूध आधी त्यालाच. मला सगळं कळतंय. मी हेच तर लोकांना शिकवते. तरीही —

२६ ऑगस्ट
डब्यातलं दूधही त्यालाच. वेना आता रडतही नाही. देवा, माझी पोर मरेल. त्याला टेकडीवर ठेवून येते. आत्ता. भरदुपारी —

ठेवलं. कानात कापूस घातला होता, नाकाला फडकं बांधलं होतं. तोंड दिसलं तर धीर सुटेल, म्हणून न बघताच पाळण्यातून उचलून शालीत गुंडाळलं. केवढं हलकं लागलं हाताला —

कापूस काढला. फडकं सोडलं. पाळण्यातून ओव्याचा वास —

गुटगुटीत. हसतंय.

म्हणजे टेकडीवर मी — वेना — माझी वेना —

निघाले. धावतच — हे रडायला लागलं. आधी याला पाजते, मग लगेच —