बसून पोचेल असा नळ

सोम., ४ फेब्रु. ८५
आजपण सासूबाईंनी देवांकडे पाठ करून चहा घेतला. खुबा मोडून हॉस्पिटलातून आल्यापासून आंघोळ मी घालते, आणि दुसऱ्याच्या हातच्या आंघोळीवर त्यांचं सोवळं होत नाही. बाळकृष्णाची पूजा माझ्याकडे आली. म्हणून शॉवरचा खर्च कबूल केला, नाहीतर बादली-तांब्यात काय वाईट होतं? स्टुलावर बसून त्यांनीच नळ फिरवायचा, एवढंच. यांना सगळं समजावलं. "हो, हो." पेपर काही खाली झाला नाही.

मंगळ., ५
साडीसकट स्टुलावर बसून पाहिलं, हात पोचतो तिथे खडूने खूण केली. धारेखाली नको, बाजूच्या भिंतीवर. म्हणजे पाणी हाताला बघून मग अंगावर घेता येईल. गोल चावी नको, त्यांची बोटं वळत नाहीत. डॉक्टर कोपराने फिरवतात तसे दांड्याचे नळ हवेत, गरम-गार दोन.
सदा प्लंबर हसला. "वहिनी, घराचं ऑपरेशन थिएटर करताय काय? शॉवर कोण बसून घेतं?"
म्हटलं, आमच्याकडे घेतात.
तसे नळ मुलुंडात मिळत नाहीत म्हणे. मग हॉस्पिटलात काय आभाळातून पडतात?

गुरु., ७
भजनाला जाऊन आले, तेवढ्यात घात. गोल चकचकीत चाव्या, उभ्या माणसाच्या छातीला, बरोबर धारेखाली. माझी खूण टाइल्सच्या आत गाडली! सदा म्हणतो, "साहेब म्हणाले, उद्या फ्लॅट विकायचा झाला तर?" साहेबांनी जन्मात कुणाला आंघोळ घातली आहे का?
वर सासूबाई, "राहू दे गं. त्याने विचार करूनच केलं असेल." ज्यांच्यासाठी भांडते त्याच तिकडच्या. संताप नुसता.
संध्याकाळी यांना जे बोलले ते लिहीत नाही. देवघरापर्यंत ऐकू गेलं.

शुक्र., ८
सासूबाईंनी हट्टाने करून पाहिलं. स्टुलावरून हात वर केला, तोल गेला, मी कसंबसं धरलं त्यांना. चावी हललीसुद्धा नाही. बाहेर येऊन म्हणाल्या, "बाळकृष्ण तूच घे आता. कायमचा."
लग्न होऊन आले तेव्हापासून खुबा मोडेपर्यंत त्याला हात लावू दिला नव्हता. आणि आज असं—

शनि., ९
हे ऑफिसला गेल्यावर सदाला बोलावून घेतलं. "साहेबांना एकदा विचारून..."
"साहेब बसणार आहेत स्टुलावर?"
टाइल्स फोडायला लावल्या. दांड्याचे नळ घाटकोपरला मिळाले, म्हणजे मिळत होते! पैसे माझ्या भिशीतले. हिशेबात घरखर्चाला नाही टाकले, देवकार्याला टाकले.
हे आले, भिंत बघितली. "मला विचारायचं तरी!" पान वाढलं, बोलले नाही.

बुध., १३
सिमेंट वाळलं. कडी लावू नका म्हटलं होतं सासूबाईंना, लावलीच. आधी थोडं पाणी, मग पुष्कळ. हे दाराशी जाऊन, "आई, फार गरम नाही ना?" आतून ओरडल्या, "लांब हो मेल्या! सोवळ्यात आहे मी."
आल्या काठी टेकत देवघरापुढे. उभ्याच राहिल्या. देव खाली, पाटावर. वाकता येत नाही, जमिनीवर बसता येत नाही. हे कोणाच्याच डोक्यात नव्हतं. माझ्यासुद्धा.
हे म्हणाले, "देवघर वर घेऊ. उद्या सुतार बोलावतो."
शनिवारनंतर पहिल्यांदा बोलले यांच्याशी, "आधी आईंना विचारा, किती उंच."
पेपर घेऊन बसलेत. अजून विचारलेलं नाही.