आरा मशीन भंगारात जाणार नाई

मी, गोकुळा मनसाराम बावणे, वय चोपन्न, शिक्षण चौथी नापास, धंदा लाकूडकामाच्या जुन्या मशिनी दुरुस्त करणे व हातकरवती बनवणे, राहणार आलापल्ली, तालुका अहेरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाई. सोमवारी नागपूरले पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणते, होईल बरं. झालं तर हा कागद चुलीत टाकीन. अर्जनवीस श्रीहरीभाऊ म्हणे, मी नीट भाषेत लिहून देतो. त्याच्या नीट भाषेत माझं काही सापडलं नसतं.

कलम १. दोन खोल्यांचं घर व आंगण पुतण्या धनराजले द्यावं. त्याच्या आजानं बांधलं म्हणून देते, तो आवडते म्हणून नाई. ऑपरेशनची तारीख ठरली त्याच आठवड्यात तो राजुऱ्याहून भंगारवाला घेऊन आला, अन् मी घरात असताना छपरीतल्या मशिनींचं वजन किती भरल ते त्याले विचारून राह्यला. छपरीची जागा मी माझ्या नावानं घेतली आहे, कागद पेटीत आहे. ती जागा व आतलं एकूणएक लोखंड धनराजच्या वाट्यात नाई.

कलम २. बँकेत असेल ते दवाखान्यात व तेरवीत लावावं. तेरवीले बुंदी नको.

कलम ३. छपरीत एक रंधा मशीन, एक खराद म्हणजे लेथ, व ओंडके चिराची मोठी आरा मशीन आहे. आरा मशीन ओतीव लोखंडाची, इंग्रजांच्या वेळची. लिलावात तिच्यावर कोणी बोली लावेना, तेव्हा मी अन् माझ्या मालकानं, मनसारामनं घेतली. चाकं गंजून जाम होती. तीन उन्हाळे रॉकेल पाजून, ठोकून मोकळी केली. आता बोटानं ढकललं तरी फिरते. विकायची वेळ आलीच तर परवानेवाल्या सुताराले, चालती विकावी. किलोनं नाई.

कलम ४. भिंतीवर सात करवती तयार आहेत. ज्याचं नाव मुठीवर खडूनं लिहिलं आहे, त्याले ती द्यावी. दोन माणसांच्या करवतीची ऑर्डर मी नऊ वर्षं घेतली नाई. लोक विचारते काऊन. ती करवत तपासाले ओंडक्याच्या पलीकडे दुसरा माणूस लागते, कुठी अडकते ते हाताले समजणारा. एकदा पलीकडचं टोक रबरानं झाडाले बांधून पाहिलं. झाड काही सांगत नाई.

कलम ५. छपरी, जागा व मशिनी नणंद गुणाबाईले द्याव्या. ती दोन घरं सोडून राह्यते. नऊ वर्षं बोलणं बंद आहे. नळावर ती आली का मी अर्धा हंडा घेऊन उठते.

मनसाराम श्रावणात गेला. आदल्या दिवशी तो दोन माणसांची करवत करत होता. अर्धे दात घासून झाले होते. पातं चकचकीत, उघडं, तेल लावाचं राह्यलं होतं. गुणाबाईनं सुतक धरलं, दहा दिवस हत्याराले हात नाई म्हणून छपरीले कुलूप घातलं. बाहेर झड. उघडलं तर पातं लाल, त्यानं घासलेल्या दातांची धार गंजानं खाऊन टाकलेली. मी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "भाऊ गेला तुझा, अन् त्याच्या हातचं शेवटचं काम तू खाल्लं."

ती म्हणाली, "वहिनी, मी त्याच्यासाठीच केलं वं."

मी आयकलं नाई.

तरी तिलेच देते. लग्नाआधीपासून भावाच्या करवतीचं पलीकडचं टोक तिनं धरलं, मग माझ्या. पात्यावर टिचकी मारून आवाजावरून सांगते कुठी ढिलं आहे. असा कान गावात दुसऱ्या कोणाले नाई.

परवा साक्षीदार पाहिजे म्हणून मी तिच्या दारात गेली. हात पुसत आली अन् काही न विचारता पेन मागितला. श्रीहरीभाऊ संगं होता, तो म्हणाला, जिले द्याचं तिची सही साक्षीले घेऊ नये, धनराज कोर्टात जाईल. तेव्हा सांगावं लागलं. तिनं एवढंच विचारलं, "काऊन मले?" मी तशीच परत आली.

उत्तर इथी लिहिते. पाहुण्यांसमोर बोलली होती, म्हणून हेही सगळ्यांसमोर वाचावं. कुलूप गुणाबाईनं लावलं. पण दुसरी किल्ली दहाही दिवस माझ्या कमरेले होती. सुतकाचं मले काही वाटत नव्हतं. तेलाचा हात फिरवाले पाच मिनिटं लागली असती. पण त्यानं घासलेल्या लोखंडाचा भुगा खाली तसाच असल, त्याच्यावर पाय कसा ठेवाचा, म्हणून मी गेली नाई. करवत मी गंजवली. तिनं नाई.

गुणाबाईनं छपरी नाई घेतली तरी चालल. पण एवढं वाचून होईपर्यंत तिले उठू देऊ नये.

वरचं सगळं माझ्याच अक्षरात, खोडाखोड माझीच.

सही: गोकुळा मनसाराम बावणे

आमच्यासमोर सही केली, आम्हाला यातलं काही मिळत नाही:
१. चैतू आत्राम, सुतार, आलापल्ली
२. रंजीता सोनुले, आशा वर्कर, आलापल्ली

ठिकाण: आलापल्ली
दिनांक: २० सप्टेंबर २०२४, शुक्रवार