लटकत्या गाडीचे बोल्ट

तीर्थरूप मामास,

भाचीचा कोपरापासून नमस्कार. (टोमणा नव्हे, कोपराच्या पुढे सगळे ग्रीस आहे.) तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू ‘ठणठणीत’ म्हणणार आणि मोतीबिंदूचे नाव काढणार नाहीस. आणखी थांबलात तर ऑपरेशन अवघड होईल, असे डॉक्टरांनी बजावून दोन महिने झाले. त्यावर तुझे एकच पालुपद, माझी जुनी गाडी धड झाली की तिच्यातूनच जाईन, परक्याच्या गाडीत पाय ठेवणार नाही. म्हणून मीच पाना हाती घेतला.

पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांतले रबरी बुश फाटले होते. मी गाडी जॅकवर चढवली, खाली लोखंडी घोड्या लावल्या, नवे बुश बसवले. तुझ्या गाडीच्या माहितीपुस्तकातला आकडा टॉर्कच्या, म्हणजे जोर मोजणाऱ्या, पान्यावर लावून एकेक बोल्ट ‘कट्ट’ वाजेपर्यंत आवळला. गाडी खाली उतरवली, तर बाईसाहेब नाक दोन बोटे वर करून उभ्या! कोपऱ्यापर्यंत नेली, तर प्रत्येक खड्ड्यात कुरकुर. नवरा म्हणाला, गाडी तुझ्या माहेरची आहे हे आता पटले. मला मात्र राग येईना, कोडेच पडले. आकडा बरोबर, बोल्ट नवे, पाना नवा, मग चुकले कुठे? त्या दिवशी दोनदा आमटी करपली. (तिसऱ्यांदा नवऱ्याने केली. तीही करपली.)

शेवटी गॅरेजच्या मिस्त्रींना घरी आणले. ते खाली वाकले, माझ्या हातातले फडके घेतले, एक टोक मला धरायला लावले आणि दुसरे पिळले.

“चाकं लटकत असताना आवळलंत ना? रबराला तीच आपली जागा वाटते. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, आणि फाटतं. आधी चाकांवर वजन येऊ द्या, मग आवळा.”

मामा, एवढी साधी गोष्ट! मी फडके पिळत बसले, सोडले, पुन्हा पिळले. (जुने बुशही कोणीतरी असेच लटकत आवळले होते, म्हणे. कोणी, ते मी विचारले नाही. मिस्त्रींनी आपण होऊन सांगितले.) स्टिअरिंगच्या सांध्याच्या नटात पिनेचे भोक जुळेना, म्हणून मी तो जरा मागे फिरवला होता. ते पाहून मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. भोक जुळत नसेल तर नट पुढेच न्यायचा, मागे कधीच नाही, नाहीतर सांधा ढिला राहतो.

तुझे पुस्तक म्हणते, आवळताना पुढे दोन माणसे बसलेली हवीत. मग मला खाली शिरता यावे म्हणून चारही चाकांखाली भक्कम ठोकळे देऊन नवरा आणि सासूबाईंना आत बसवले आणि सगळे बोल्ट ढिले करून नव्याने आवळले. तासाभरात सासूबाईंनी तीनदा विचारले, आलं का गं? गाडीचे नाक मात्र खाली आले.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, फक्त ढिला पडू देऊ नकोस.

तुझी भाची

ता. क. डावीकडचा एक बोल्ट नुसता हाताने लावून ठेवला आहे. तुझे वजन सासूबाईंहून जास्त, तेव्हा शेवटचा फेर तू बसल्यावरच देईन. तेवढ्यासाठी ये.

ता. क. २. थाप मारली. सगळे बोल्ट पक्के आहेत, मिस्त्रींनी दोनदा तपासले. मामा, मला तुझ्या डोळ्याची भीती वाटते. आईनंतर माझे म्हणावे असे तूच आहेस. आज अकराची डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

ता. क. ३. शेजारच्या काकू, हे पत्र तुम्हीच त्याला वाचून दाखवत असणार. एवढे मात्र मनात वाचा. पत्र दाराच्या फटीतून मीच सरकवले, आणि गाडी घेऊन दारातच उभी आहे. ‘संपलं पत्र’ म्हणा आणि मागचे दार लावून घ्या.